तौनो मास्तरांचं सूत्र

ऐन उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाला तळ्याकाठची वाफेच्या स्नानाची सौना कोणाची, हा हेल्वी आणि तिचा भाऊ ओस्मो यांच्यातला वाद नवव्या वर्षीही सुटला नाही, तेव्हा तो बर्फावर सोडवायचा असं ठरलं. वडील जाताना दोघांच्या नावे एकच झोपडी, एकच सौना आणि होडीचा एकच धक्का ठेवून गेले होते. उन्हाळ्यात सण मात्र एकदाच येतो. ओस्मोला तिथे आपले अकॉर्डियनवाले मित्र आणायचे होते. हेल्वीने भजनीमंडळातल्या अकरा बायकांना परस्पर आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"मार्चमधल्या बर्फातल्या मासेमारीच्या स्पर्धेत ज्याचे मासे वजनाला जास्त, त्याची सौना," ओस्मो म्हणाला. "ताई, तू बसतेस का भोकापाशी?"

"तौनो बसेल," हेल्वी नवऱ्याकडे हात करत म्हणाली.

ओस्मो कॉफीचा कप तोंडापाशी धरून बराच वेळ भावजींकडे बघत राहिला. "दाजी? बसतील की. बसायला काय लागतं?"

तौनो रिन्ताला हे निवृत्त गणित शिक्षक. पश्चिम किनाऱ्यावरच्या सपाट मुलखातले. तिकडे माणूस 'हो' म्हणाला की त्याचा अर्थ हो. लग्न करून ते सावो भागात आले त्याला एकतीस वर्षं झाली होती. इथे 'पाऊस पडतोय का' असं विचारलं तर माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग विचारणाऱ्याकडे बघतो, आणि म्हणतो, "पडत असेलही, तसं बघितलं तर." एकतीस वर्षं तौनो मास्तर अशा उत्तरानंतर निमूट छत्री घेऊन बाहेर पडत आणि तिचं काय करायचं ते बाहेर गेल्यावर ठरवत.

ओस्मोची टोचणी त्यांना लागली नाही, कारण त्यांच्याकडे सूत्र होतं. बर्फातली मासेमारी नशिबावर चालते हे गावाचं मत मास्तरांना अडाणीपणाचं वाटे. नशीब म्हणजे न केलेला अभ्यास. सहा हिवाळे ते मासेमारांच्या क्लबच्या शेगडीपाशी वही घेऊन बसले होते आणि येईल त्याला विचारत होते. मासा कुठे लागला? किती खोल? वारा कुठला? गळ कुठल्या रंगाचा? गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी अपूर्णांक शिकवले होते, त्यामुळे उत्तर न देण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही. एकूण एकेचाळीस जणांनी माहिती दिली. त्यातून चौदा राशींचं, दीड ओळीचं एक सूत्र तयार झालं, आणि त्यात कुठलीही जागा घातली की तिथे मासा लागण्याची शक्यता बाहेर पडे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारसाठी सूत्राने पहिला क्रमांक दिला लव्हाळ्याच्या टोकाला. शेवटचा दिला पंपघरामागच्या पाण्याला. तिथली शक्यता शून्य पूर्णांक शून्य दोन होती.

इथे मास्तरांच्या प्रामाणिकपणाने पहिला घोटाळा केला. जिंकल्यावर लोक म्हणतील, आकडे मागून बसवले. म्हणून त्यांनी सूत्र आणि सगळ्या जागांची यादी एका पाकिटात घालून, चिकटवून, क्लबच्या लेम्पीबाईंकडे दिली. लेम्पीबाई स्पर्धेतला तराजू सांभाळत आणि वर्षभर कॉफी.

"निकालानंतर सगळ्यांसमोर फोडायचं," मास्तर म्हणाले. "तोवर कोणी उघडता कामा नये."

"मी कशाला उघडतेय," लेम्पीबाई म्हणाल्या, आणि पाकीट कॉफीच्या किटलीमागच्या फळीवर ठेवलं.

पाकीट त्यांनी उघडलं नाही हे खरंच. ते वाफेने उघडलं. उघडलेलं पाकीट तसंच ठेवणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी ते चिकटवायला काढलं, आणि चिकटवण्याआधी आतला कागद ओला झालाय का ते पाहिलं. मग ज्याला त्याला त्या कागदाच्या ओलेपणाची काळजी वाटू लागली. शनिवारपर्यंत कागद इतक्या लोकांनी वाळवला होता की त्याच्या घड्या सुटायला आल्या होत्या.

आता खरं तर एवढ्यावर सगळं थांबायला हवं होतं. कारण मास्तरांना माहिती देणाऱ्या एकेचाळीस जणांतल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आपण थाप मारली होती. मासा कुठे लागतो हे सावोतला माणूस बायकोलाही सांगत नाही. विचारलंच तर कुठेतरी लांब हात करतो, आणि क्लबच्या खिडकीतून लांब हात केला की तो लव्हाळ्याच्या टोकाकडेच जातो. पण प्रत्येकाला असंही वाटत होतं की थाप आपण एकट्यानेच मारली. बाकीचे चाळीस साधेभोळे, त्यांनी मास्तरांना खरंच सांगितलं असणार. चाळीस जणांचं खरं आणि वर गणित! रविवारी सकाळी शिट्टी वाजली तेव्हा शहाऐंशी स्पर्धक, गिरमिटं खांद्यावर टाकून, एकमेकांकडे न बघता, एकाच दिशेने चालू लागले.

नियमाने धावायला बंदी आहे. पण चालण्याचा वेग नियमात लिहिलेला नाही.

तौनो मास्तरांचा डावा गुडघा दुखरा. ते पोचले तेव्हा लव्हाळ्याच्या टोकाभोवतीचा बर्फ चाळणीसारखा झाला होता. दोन भोकांत दहा मीटर अंतर हवं, हाही नियमच. मास्तर पावलं मोजत एका माणसापासून दहा मीटर सरकले की दुसऱ्यापासून सातवर येत.

"ओस्मो, तू इथे कसा?"

ओस्मो एरवी चार तासांत वीस भोकं पाडणारा. मासा त्यातल्या नेमक्या कुठल्या भोकात लागला ते त्याच्या चेहऱ्यावरून परमेश्वरालाही कळत नसे. आज तो एकाच भोकावर मांडी ठोकून बसला होता.

"सहज आलो, दाजी. इकडून वारा कमी लागतो."

"वारा तर समोरूनच येतोय."

"येत असेलही, तसं बघितलं तर."

दहा-दहा मीटर करत मास्तर लव्हाळ्यातून बाहेर पडले, टेकाडाला वळसा घालून दिसेनासे झाले, आणि त्यांना नियमात बसणारी पहिली मोकळी जागा सापडली ती पंपघरामागे. शून्य पूर्णांक शून्य दोन. अकरा बायका, त्यांचे टॉवेल आणि हेल्वीचा चेहरा डोळ्यांसमोर आणून त्यांनी गिरमीट फिरवलं. गळ सोडला. तो तळाला टेकायच्या आत ओढला गेला.

पट्टेवाले आहवेन मासे, हाताच्या पंज्याएवढे, एकामागून एक येऊ लागले. मास्तरांना पहिल्या पाचांचा आनंद झाला. नंतरच्यांचा राग आला. विसाव्याला त्यांनी, "अरे, तू इथे असण्याचं काही कारण नाही," असं समजावूनही पाहिलं.

वजनाच्या वेळी शहाऐंशी माणसं तराजूभोवती उभी होती. बहुतेकांच्या पिशव्या घडी घालून खिशात होत्या. ओस्मोचे भरले तीनशे दहा ग्रॅम, आणि तेवढ्यावर तो पहिला होता. मग मास्तरांनी पेटी उघडली. सहा किलो चारशे.

मग एक म्हातारा पुढे आला आणि त्याने टोपी काढली.

"मास्तर, माझे आजोबा थापाडे होते. वडीलही होते. पण खोटा कागद फुटेल अशा बेताने ठेवून अख्ख्या गावाला लव्हाळ्यात बसवणारा माणूस मी आज पाहिला."

"कागद खोटा नव्हता," मास्तर म्हणाले. "मला तिथे जागाच मिळाली नाही."

लोकांनी एकमेकांकडे पाहून आदराने माना हलवल्या. "काय सफाई आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग मासे लागले कुठे, दाजी?" ओस्मोने विचारलं. हरल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या आवाजात आज पहिल्यांदाच भावजींबद्दल अभिमान होता.

"पंपघरामागे. अडीच मीटर खोल. लाल गळ."

सगळे मनापासून हसले. पंपघरामागचं पाणी वास मारतं, हे लेम्पीबाई वीस वर्षं सांगत होत्या. लेम्पीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी तराजू पुन्हा शून्यावर आणला, मग पुन्हा एकदा आणला, आणि हळूच विचारलं, "अडीच मीटर म्हणालात?"

घरी आल्यावर हेल्वी फोनवर अकरा बायकांना कळवत बसली. मास्तर वही घेऊन सूत्रापुढे बसले. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी चौदाही राशी तपासल्या. सगळं बरोबर होतं. शेवटी त्यांनी सूत्राच्या डोक्यावर एक उणे चिन्ह काढून पाहिलं आणि तळ्यातल्या सगळ्या जागा पुन्हा मांडल्या. पंपघर पहिलं आलं. लव्हाळ्याचं टोक शेवटचं.

"सहा वर्षांत एक चिन्ह चुकलं," ते म्हणाले.

"कोणी एकाने चुकीचं सांगितलं का?" हेल्वीने फोनवर हात ठेवून विचारलं.

"नाही. एकेचाळीस जणांनी. अगदी एकमताने."

पुढच्या रविवारी क्लबमध्ये ज्याने ज्याने विचारलं त्याला मास्तरांनी जागा, खोली आणि गळाचा रंग नीट सांगितला. लिहूनही दिला. लोकांनी कागद आदराने खिशात घातला आणि ते पंपघर सोडून सगळीकडे गेले. मास्तर एकटे पंपघरामागे बसले.

दुपारी टेकाडावरून ओस्मो आला. भावजींना पाहून थबकला, मग स्टूल टाकून नियमाने दहा मीटरवर बसला.

"काही लागलं का, दाजी?"

"सतरा," मास्तर म्हणाले. "दोन तर मोठे आहेत. भोक पाड, तुलाही लागतील."

ओस्मोने बंद पेटीकडे पाहिलं, भावजींच्या नाकावरल्या हिमाकडे पाहिलं. त्याला भरून आलं.

"माझ्यापुढे कशाला, दाजी. घरचाच आहे ना मी. एवढ्या थंडीत, या वासात, गावाला चकवायचं म्हणून तुम्ही दिवसभर रिकामे बसता."

"अरे, खरंच सतरा आहेत."

"असतील हो, असतील," ओस्मो म्हणाला. जवळ येऊन त्याने पिशवीतून आपले दोन बारके आहवेन काढले आणि भावजींच्या मांडीवर ठेवले. "घ्या. ताईला कालाकुक्कोच्या पावात भरून भाजायला सांगा. मी दिले म्हणून सांगू नका."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी आभार मानले आणि पेटी न उघडता मासे कोटाच्या खिशात घातले.