विरातमोचं इंजिन आणि गल्लीचे रोजे

"मेकॅनिक? माझ्या गाडीला? अरे, या इंजिनाची नस न् नस मला ठाऊक आहे! आज संध्याकाळपर्यंत शिवणयंत्रासारखं चालवून दाखवतो!"

ईदला तीन दिवस राहिले होते आणि विरातमोची ही गर्जना क्लातेन गावातल्या त्याच्या अख्ख्या गल्लीने ऐकली. गाडीनेही ऐकली असावी, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती हिवताप भरल्यासारखी थडथडत होती आणि मागून काळा धूर ओकत होती.

गर्जना होती मेहुण्यासाठी. गुनादीने कालच नवी कोरी गाडी दारात लावून म्हटलं होतं, "दाजी, गाव तर आपलं एकच, यंदा माझ्याच गाडीत चला की. मागे जागा आहे. कोंबड्यांशेजारी."

कोंबड्यांशेजारी! वीस वर्षं विरातमो ईदला आईकडे स्वतःच्या गाडीतून गेला होता. खिडकीत कोपर टेकवून, हॉर्न वाजवत! आणि आता कोंबड्यांशेजारी?

"बाबा, मी प्लग काढून बघू?" लारस म्हणाली. पोरगी तांत्रिक शाळेत इंजिनंच शिकत होती.

"तू शाळेतलं इंजिन बघ. हे घरातलं आहे!"

मग त्याने कार्बोरेटर उघडला, पुसला, लावला. थडथड तशीच! पेट्रोल बदललं. थडथड वाढली! शेजारचे सुमार्नोकाका कुंपणावर हनुवटी टेकवून म्हणाले, "पिस्टन गेला."

"तुमच्या तोंडात साखर पडो, काका!"

"रोजा आहे रे. साखर नंतर."

दुपार उतरली. पोटात अन्नाचा कण नाही, घशात पाण्याचा थेंब नाही आणि डोक्यात मेहुणा! अशा अवस्थेत विरातमोने प्लगांच्या चारही वायरी एकदम उपटल्या.

"बाबा, खुणा तरी करा! कुठली कुठे लावाल?"

"चार तर वायरी आहेत! माझी काय स्मरणशक्ती गेली?"

आता त्या गल्लीची एक रीत होती. रोजा सोडायची वेळ झाली की मशिदीमागच्या मैदानात एक दणदणीत बार उडायचा. बार झाला की घोट घ्यायचा! घड्याळाकडे कोण बघतो? घड्याळ चुकेल, बार चुकत नाही. सूर्य कलू लागला की घरोघरी माणसं गोड चहाचे पेले पुढ्यात घेऊन, कान टवकारून बसायची.

अशी सगळी बसलेली असताना विरातमोने वायरी लावल्या आणि चावी फिरवली.

धडाम्!

कावळे उडाले. आणि मग घराघरातून ताटांवरची झाकणं खणखणली. सुमार्नोकाकांनी अख्खा पेला एका दमात रिकामा केला. पलीकडच्या सुरिपआजींनी तोंडात खजूर टाकला आणि वर एक भजंही!

अकरा मिनिटांनी मशिदीमागे बार उडाला.

पेले हातातच राहिले. मग एकेक दार उघडलं.

"हा आत्ता झाला," सुमार्नोकाका सावकाश म्हणाले, "मग मघाशी काय झालं?"

सगळ्यांच्या नजरा विरातमोकडे वळल्या. त्याच्या नाकावर काजळी होती.

"सत्तावीस रोजे!" सुरिपआजी कडाडल्या. "या गुडघ्यांनिशी धरले! आणि तुझ्या त्या भंगाराने माझा रोजा मोडला?"

"अहो, पण मी का सांगितलं भजी खा म्हणून? घड्याळं काय भिंतीला शोभा म्हणून टांगलीत?"

हे बोलायला नको होतं. पुढची दहा मिनिटं कोण काय म्हणालं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी इमामसाहेबांनी निकाल दिला. ज्यांनी ज्यांनी घोट घेतला, त्यांनी ईदनंतर एक रोजा जास्तीचा धरायचा. तीस घरं विरातमोकडे अशी बघत होती, की त्यापुढे कोंबड्यांची संगत बरी.

लारसने मात्र चुकीच्या जागी लागलेल्या दोन वायरी गुपचूप अदलाबदल केल्या आणि चारही प्लग बापापुढे धरले. करपलेल्या भातासारखे काळेठिक्कर!

"बाबा, तुम्ही रोज सकाळी अर्धा तास गाडी उभ्याउभ्या गरम करता. चालवता वर्षातून एकदा. काजळी धरणार नाही तर काय होणार?"

"म्हणजे मी माया केली म्हणून ती आजारी पडली?" विरातमोचा संताप आता गाडीवर वळला. "कृतघ्न कुठली!"

पोरीने प्लग घासले, बसवले, चावी फिरवली. इंजिन असं चालू लागलं की बोनेटवर पेला ठेवावा, चहा हलू नये!

ईदची नमाज झाली. रीतीप्रमाणे दारोदार जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. इतर वर्षी हे काम विरातमो अर्ध्या तासात उरकायचा. यंदा तीस घरांपैकी एकानेही त्याला उंबऱ्यावरून सोडलं नाही. बसवलं, खाऊ घातलं आणि त्या 'धडाम्'ची कथा पहिल्यापासून सांगायला लावली! सुरिपआजींनी तर दोनदा.

घरी आला तर अंगणात फक्त गाडी. बायकोचा फोन आला, "अहो, तुमची वाट बघून बघून निघालो. सामान, लारस, सगळे गुनादीच्या गाडीत आहोत. तुम्ही या मागून."

विरातमो निघाला. घाट चढताना इंजिनाने हूं की चूं केलं नाही. वोनोगिरीला आईच्या अंगणात त्याने गाडी थाटात वळवली, कोपर खिडकीत, हॉर्न दोनदा. जेवणं आटोपली होती. गुनादी दात कोरत बसला होता.

आई काठी टेकत पुढे आली आणि सगळ्या गोतावळ्यादेखत कळवळून म्हणाली, "किती रे उशीर! वाटेत बंद पडली ना गाडी? पुढच्या वर्षी गुनादीबरोबरच ये हो."