अमेरिका पुण्यापेक्षा जवळ

सोलापूरहून जवळ काय, पुणे की अमेरिका? हसू नका. आमच्या शेजारच्या चनबसू अण्णांसमोर 'पुणे' म्हणून बघा, मग कळेल.

अण्णा एसटीतले निवृत्त कंडक्टर. एकुलती लेक सुजाता सॅनफ्रान्सिस्कोला असते, अधूनमधून माहेरी येते. तिच्या परतीच्या विमानाची वेळ अण्णांना पाठ. "मुंबईत दुपारी दोनला सुटतंय, तितं साडेपाचला टेकतंय. त्याच तारखेला! साडेतीन तास. पुण्याला यष्टी तरी पोचती का एवढ्यात?"

माझं डोकं फिरतं. मी अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटलेला माणूस. भिंतीला भिंत लागून असला अंधार कसा सहन करू?

"अण्णा, साडेतेरा हजार किलोमीटर आहे ते! सोळा तास लागतात. तिकडची घड्याळं मागे असतात."

"मागं आसतील तर दुरुस्त करून घ्या म्हनावं की."

"अहो, पृथ्वी गोल..."

"ती आसंल गोल. टाइमटेबल सपाट आसतंय. सुटायची वेळ, पोचायची वेळ. वजा कर. बास!"

परवा सुजाता परत निघाली. एकदाचा सोक्षमोक्षच लावायचा म्हणून मी त्याच संध्याकाळी, पृथ्वी आणि सूर्य करून दाखवायला, मोसंबं आणि बॅटरी घेऊन त्यांच्या घरात शिरलो. अण्णा घड्याळाखाली उभे होते. साडेपाच वाजले तसे ओरडले, "टेकलं! महादेवी, जेव आता."

महादेवीकाकूंनी डोळे मिटून हात जोडले आणि भाकरी मोडली. शेंगाचटणीत घास बुडवला.

"काकू, विमान अजून..." मी मोसंबं वर धरलं. अण्णांनी माझं कोपर धरून मला बाहेर कट्ट्यावर ओढलं.

"गप की लेका! पोरगी पोचंपतोर घास घेत न्हाय ती. शुगर हाय तिला. मागल्या खेपेला चक्कर यून पडली. तवापासनं साडेतीन तासच सांगतोय. गल्लीत एकानं जरी सोळा म्हटलं, तर ती सोळा धरंल."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कंडक्टर हाय मी."

"आणि फोन सकाळी येणार, तोवर काय सांगणार?"

"सामान घेतीय म्हनून."

"बारा तास सामान?"

"अमेरिका हाय. लई आसतंय सामान."

मला हसूही येईना. म्हटलं, "बरं, चला, तुम्हीही दोन घास खाऊन घ्या."

"मला भूक न्हाय." ते वर बघत राहिले. वर काही नव्हतं. मग मला जवळ ओढत म्हणाले, "तर कशावरनं म्हंतोस, पृथ्वी गोल? बस हितं. नीट सांग. सावकाश."

वाचकहो, माझा घसा बसला आहे आणि मी एकटा पुरत नाही. पुढच्या खेपेला सुजाताचं विमान सुटलं, की तुमच्यापैकी कुणीतरी अण्णांच्या कट्ट्यावर येऊन बसा आणि त्यांच्याशी भांडा. काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, पण सकाळच्या फोनपर्यंत पुरेल असं.