माणिकअण्णांची मानाची बटणं

"तोंडं फिरवा," असं माणिकअण्णा म्हणाले, की आमचं अख्खं ऑफिस खुर्च्यांसकट भिंतीकडे वळायचं. मालक तिथे असले तर मालकसुद्धा. मग अण्णा गळ्यातला रुमाल सोडून फोनवर पसरायचे, वाफारा घेतल्यासारखं त्यात डोकं घालायचे आणि परगावी फोन लावण्याचा गुप्त कोड दाबायचे. अडचण एवढीच होती, की आकडा तोंडानं म्हटल्याशिवाय त्यांचं बोट चालत नसे. "चार... सात... परत सात... दोन," असं रुमालातून खणखणीत ऐकू यायचं. कोड ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. समोरच्या चहावाल्यालाही होता. तरी आम्ही इमानानं तोंडं फिरवायचो, कारण न फिरवणाऱ्याला अण्णा दिवसभर बाहेरची लाईन देत नसत.

परभणीच्या मोंढ्यामागे, बाजारपेठेच्या पाठीशी, कापसातली सरकी काढायची आमची जिनिंग. मी तिथे हिशेबनीस आणि अण्णा फोन ऑपरेटर. खटके पाडून लाईन जोडायचा जुना बोर्ड त्यांनी अर्धं आयुष्य सांभाळला होता. नामांतराच्या आंदोलनात कधी गाव बंद असायचं, एसटी बंद असायची, ऑटो नसायचे; अण्णा चालत येऊन बोर्डापुढे बसायचे. कुणी विचारलं, आज कशाला आलात, तर म्हणायचे, "फोन कुटं बंद हाय?"

नव्वद सालाच्या पुढेमागे मालकांना नव्या यंत्रणेची हौस आली. टेबलाटेबलावर नवे फोन आले. प्रत्येक फोनच्या कडेला दहा जादा बटणं होती. एकेका बटणात एकेक नंबर कोडसकट भरून ठेवायचा. मग नुसतं बटण दाबलं की थेट मुंबई. ऑपरेटर मधे लागतच नाही. बसवणारा इंजिनिअर हे मोठ्या कौतुकानं सांगत होता आणि अण्णांचा चेहरा उतरत चालला होता. तो गेल्यावर ते आमच्या टायपिस्ट गायकवाडबाईंना एवढंच म्हणाले, "बाई, आता आमाला कोन इचारतंय?"

पण बटणं भरायचं काम अण्णांकडेच आलं आणि त्यांनी ते असं काही केलं, की त्यांना विचारल्याशिवाय कुणाचं पान हलेना.

कुठलाही शहाणा माणूस बटणं कामाच्या सोयीनं भरेल. अण्णांनी ती मानपानानं भरली, लग्नाच्या पंगतीत पाहुणे बसवावेत तशी. पहिलं बटण पोखर्णीच्या नरसिंहाचं. देवाकडे फोन नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. ते म्हणाले, फोन नसला म्हणून काय पाट मांडायचा न्हाई? त्या बटणाला त्यांनी प्रत्येक फोनवर हळदकुंकू वाहिलं. कुंकू फटीतून आत गेलं आणि मालकांच्या फोनवरचं ते बटण कायमचं अडकलं. दाबलं की नुसता घुमल्यासारखा आवाज यायचा. अण्णा तो आवाज येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. "कान लावा. आतून घुमायलंय."

दुसरं बटण मालकांच्या घरचं. तिसरं बाबूरावांचं, ते सोनपेठला आमची कापूसखरेदी बघायचे आणि वयानं मोठे. मुंबईचा दलाल, ज्याच्यावर सगळा धंदा, तो बर्फाच्या कारखान्याच्याही खाली. का, तर त्याचं अजून लग्न व्हायचं होतं.

बरं, मान काही एका जागी राहत नाही. कुणी सरपंच झाला, कुणाला नातू झाला, की अण्णा रुमाल पांघरून त्याला एक बटण वर चढवायचे. मग खालचे सगळे सरकायचे. आम्ही पिण्याच्या पाण्यासाठी बर्फ मागवायला जायचो आणि नांदेडच्या वकिलाशी बोलून यायचो. शेवटी बटण दाबण्याआधी जो तो अण्णांच्या टेबलाशी जाऊन विचारू लागला, आज मुंबई कुठे बसलीय? अण्णा डोळे मिटून, बोटं मोजून सांगायचे. चेहऱ्यावर काय तो तजेला!

यात एकदा भलतंच घडलं. मालकांच्या मुलाचं लग्न नांदेडच्या एका घरी ठरलं. बोलणी चालू असताना व्याह्यांना सातवं बटण मिळालं होतं; आता ते तिथेच राहणं अण्णांना कसं सोसणार? संध्याकाळी त्यांनी व्याह्यांना तिसऱ्यावर बसवलं आणि बाबूरावांना चौथ्यावर. सांगायचं मात्र राहिलं. मालकांचा शिरस्ता असा, की सकाळी आल्याबरोबर तिसरं बटण दाबायचं आणि पलीकडचं ऐकून न घेता बाबूरावांना झापायचं. त्या दिवशीही त्यांनी झापलं. उन्हं वर आली तरी लोळत पडता, फुकटचं खाऊन अंग सुटलंय, लाज कशी वाटत नाही, सगळं यथासांग झालं. पलीकडून आवाज आला, "चुकलं. उठलो बगा आत्ताच."

तो आवाज बाबूरावांचा नव्हता.

मालक पांढरेफटक पडले. उद्याच इंजिनिअर बोलावतो, म्हणाले, यापुढे अण्णांनी बटणांना हात लावायचा नाही. अण्णा रुमालाची घडी करत, खाली मान घालून बसून राहिले. ते बसणं मला बघवेना. पण दुपारी व्याह्यांचाच फोन आला. ते म्हणाले, वडील गेल्यापासून सकाळी असं हक्कानं उठवणारं कुणी राहिलं नव्हतं, लय बरं वाटलं. झालं. मालकांनी इंजिनिअरचं नाव परत काढलं नाही. अण्णा मात्र आठवडाभर सांगत सुटले, "मान दिला की मानूस धरून राहतंय."

पुढे त्यांची निवृत्ती आली. बायको आधीच गेलेली, मुली लांब दिलेल्या. हारतुरे, पेढे झाल्यावर ते मागे थांबले. म्हणाले, एक बटण भरायचं राहिलंय. अगदी खालच्या, दहाव्या बटणात त्यांनी आपल्या घरचा नंबर भरला. कित्येक वर्षं नंबर लावून ठेवल्यावर नुकताच त्यांच्या घरी फोन बसला होता. मी म्हटलं, अण्णा, तुमचा मान वरचा. तर म्हणाले, "न्हाई. आता आमी बाहेरचे. कवा काम पडलं तर दाबा."

सोमवारी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला फार चुकल्यासारखं वाटत होतं. काम काही नव्हतं. मी दहावं बटण दाबलं. घंटा पुरती वाजलीही नाही, तोवर त्यांनी उचललं.

"काय झालं? लाईन गेली का?"

त्या आवाजात काळजी कमी आणि आशा जास्त होती. समोर गायकवाडबाई मुंबईशी खुशाल बोलत होत्या.

"हो अण्णा," मी म्हटलं, "मुंबई लागत नाही."

"ठिवू नका. धरून ठिवा. मी सांगायलो." आणि ते सावकाश सांगू लागले. चहा येऊन निवला तरी सांगत होते. मी धरून ठेवलं.

मंगळवारी गायकवाडबाईंना नांदेड लागेना. बुधवारी मालक खोलीतून बाहेर आले, दाराशी जरा घुटमळले आणि हळूच मला म्हणाले, "आज माझी पाळी. काय बिघडलंय म्हणून सांगू?"