मुंजाजीआप्पांचा ऐनवेळचा विषय

आमच्या गोरेगावच्या ग्रामसभेत सगळ्यात शेवटी 'ऐनवेळी येणारे विषय' असतात. हे शब्द वाचले गेले की लोक चपला शोधायला लागतात आणि आमचे शिंपी मुंजाजीआप्पा उभे राहतात. सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढतात, घसा साफ करतात आणि मागणी करतात, की सरकारने गांजा कायदेशीर करावा आणि त्यावर कर बसवावा.

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मोजायची खोड आहे. माझ्यासमोर त्यांनी ही मागणी एकोणीस वेळा केली. एकोणीस वेळा ती बारगळली.

नवा माणूस असेल तर तो आप्पांचे डोळे लाल आहेत का ते बघतो. वस्तुस्थिती अशी आहे, की बावीस वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या तोंडात सुपारीचं खांडसुद्धा पाहिलेलं नाही. उदबत्तीच्या धुरानेही त्यांना ठसका लागतो. एका महाशिवरात्रीला कुणीतरी त्यांना गंमत म्हणून भांगेचा पेढा दिला. आप्पांनी तो कागदात बांधून शिलाई मशीनच्या खणात ठेवला. मुंग्या लागल्या. दोन दिवस शिवणकाम बंद ठेवून त्यांनी मुंग्यांवर नजर ठेवली. "बराबर रांगेत चालून राहिल्या सर," ते मला म्हणाले, "येकीचंबी पाऊल वाकडं पडलं न्हाई." पुढच्या निवेदनात मुंग्यांचा मुद्दा क्रमांक चार होता.

ग्रामसेवक दर वेळी सांगतात, "आप्पा, हा विषय ग्रामपंचायतीच्या कक्षेत येत नाही."

"विषय कक्षेत येत न्हाई, मंग माल गावात कसा येऊन राहिला?" आप्पा विचारतात. "येतच हाय तर पावती फाडा. कर घ्या, पन केस करू नका."

'कर घ्या, पन केस करू नका' हे त्यांचं पालुपद. दुकानात कुणी पँट ढगळ झाली म्हणून भांडायला आलं, तरी ते दोन्ही हात जोडून हेच म्हणतात.

त्यांना खरी टक्कर दिली ती बचत गटाच्या कमलबाईंनी. भर सभेत त्या उठल्या. "आप्पा, दारूवर सरकारचा शिक्का हाय, करबी हाय. मंग माझा नवरा संध्याकाळी शुद्धीवर काहून नसतो?"

सभा हसली. आप्पा मात्र खाली बसले आणि तीन महिने विचार करत राहिले. पुढच्या सभेत त्यांनी दुरुस्ती वाचली: 'करातला निम्मा पैसा कमलबाईच्या नवऱ्यासारख्यांच्या इलाजाला द्यावा.' कमलबाईंचा नवरा सभेलाच होता. टाळी पहिली त्याने वाजवली.

माझा स्वतःचा या मागणीला विरोध आहे, तो लपवत नाही. तीस वर्षं पोरांना शिकवतोय. कुठलं पोरगं मागच्या बाकावर का झोपतं ते मला कळतं. तरी आप्पांच्या निवेदनातली आकडेमोड मीच तपासून देतो, कारण चुकीची टक्केवारी मला बघवत नाही. गांजावर चाळीस टक्के, भांगेवर दहा, महाशिवरात्रीला निम्मा कर. हे सगळं ठीक होतं. मी अडलो सहाव्या कलमावर: 'साधू-बैराग्यांना कर पूर्ण माफ.'

"आप्पा, मोठं गिऱ्हाईक तेच. त्यांनाच माफ केलं तर तिजोरीत येणार काय?"

"त्यांच्यापाशी पैसे कुठले सर?"

"मग तुम्हाला कर हवाय की नको?"

ते बराच वेळ टेपने उगाचच टेबल मोजत राहिले. मग म्हणाले, "सोपान त्यांच्यातच हाय नं."

सोपान म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. गावाला ही गोष्ट माहीत आहे, मी ती आप्पांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. एकतीस वर्षांपूर्वी जत्रेत सोपान बैराग्यांच्या धुनीजवळ भजनाला बसला होता. पोलीस आले. बैरागी पांगले, सोपान झांजा गोळा करत राहिला आणि सापडला. खिशात एक पुडी निघाली. आप्पांनी मशीन गहाण ठेवून त्याला जामिनावर सोडवलं. घरी आणताना वाटेत फक्त एवढंच म्हणाले, "घराला डाग लावलास." तारखेच्या आदल्या दिवशी सोपान निघून गेला. दोनदा लोकांनी त्याला बघितलं, एकदा नाशकात आणि एकदा माहूरला. जटा वाढल्या होत्या. दोन्ही वेळा त्याने निरोप धाडला तो एकच: "येतो दादा, पन वारंट हाय."

तेव्हा कुठे मला निवेदनाचा अर्थ लागला. कायदा उठला की केस उठेल, केस उठली की भाऊ येईल. पण एवढ्यासाठी देशाचा कायदा बदलायची गरज नव्हती, ही साधी गोष्ट आप्पांच्या लक्षात आली नसावी. मी सुट्टी टाकली आणि ओळखीच्या वकिलांकरवी कोर्टात शोध घेतला. तिसऱ्या दिवशी उत्तर मिळालं. जुनी किरकोळ प्रकरणं निकाली काढली तेव्हा सोपानचंही निघालं होतं. बारा वर्षं झाली. वारंट वगैरे काही शिल्लक नाही.

मी जीपमधून उतरलो तो थेट आप्पांच्या दुकानात. "आप्पा, निवेदन फाडून टाका. केस केव्हाच मिटली!"

त्यांनी मशीन थांबवलं नाही. कॉलरची शिलाई पूर्ण केली, दोरा तोडला.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "निकालाची नक्कल आनून ठेवली हाय. बारा वर्सं झाली."

"मग हे सगळं कशासाठी?"

"मला ठाऊक हाय सर. त्याला कुठं ठाऊक हाय?" त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पत्ता न्हाई त्याचा. नाशकाला चारदा गेलो, माहूरला तर दरसाल जातो. बैराग्यांच्या पंगतीत बसलेल्या येकेकाचं तोंड बघितलं. लोक म्हनले, 'म्हातारा येडा झाला.' येका गरिबाची केस मिटली, हे कोन्त्या पेपरात येतं का? टीव्हीवर सांगतेत का? पन गांजाचा कायदा बदलला, तर मुलखात बोंब होईल. हरेक मठात, हरेक घाटावर लोक तेच बोलतील. कुठंतरी बसला असंल तो. त्याच्या कानावर तर पडंल."

सोपान गेला तेव्हा केवढा होता आणि आज केवढा असेल, याची मी मनातल्या मनात बेरीज करत होतो. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"श्रावनात साठ पुरी होतील," आप्पा म्हणाले. "माझ्याहून आठ वर्सांनी ल्हान हाय."