चार वाजेपर्यंत पणतू

मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि डोळ्यावर पट्टी बसायच्या आत त्यांना पणतू चालताना बघायचा होता. मोबाइलवर तो नखाएवढा दिसे. मावशींकडे होता तो जुना टीव्ही आणि त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर. म्हणून परदेशातल्या नातवाने सात व्हिडिओ इंटरनेटवर ठेवले. ते उतरवून घ्यायचे, त्यांची डीव्हीडी करायची आणि शेजारच्या चष्मेवाल्यांबरोबर पाठवायची, असं मावशींच्या धाकट्या बहिणीने ठरवलं. चष्मेवाले दर शनिवारी काचा आणायला मावशींच्या गावी जात, आणि चार म्हणजे चारला निघत.

ठरवलं सासूबाईंनी, करायचं सुनेने. सून पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. त्यामुळे घरात वायर असलेलं जे काही असेल ते तिच्या विषयात बसतं, असा सगळ्यांचा समज होता. शनिवारची एक सुट्टी, तिचं सोनं झालं.

"त्यात काय, कॉपी तर करायचंय," नवरा म्हणाला आणि केस कापायला गेला.

नऊ वाजता तिनेही कॉपीच केलं. डिस्क घरच्या प्लेअरमध्ये घातली, तर त्याने ती ओळखच दाखवली नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ त्याला तसेच चालत नव्हते. आधी त्याच्या पद्धतीचे करून द्यायला हवे होते. तिने ते काम करणारा प्रोग्राम शोधला, सातही व्हिडिओ त्याच्या हवाली केले. त्याने सांगितलं, दोन तास. मग म्हणाला चाळीस मिनिटं. मग तीन तास. प्रयोगशाळेतलं एखादं यंत्र असं बरळलं असतं, तर तिने ते दुरुस्तीला पाठवलं असतं.

साडेअकराला चौऱ्याण्णव टक्के झाले. ती कपडे वाळत घालून आली, तर कॉम्प्युटर थंड.

सासऱ्यांची उभी नोकरी वीज खात्यात गेली होती. रिकाम्या खोलीत चालू बटण दिसलं की त्यांचा हात आपोआप उठे.

"बाबा, काम चालू होतं हो त्याचं."

"पडदा तर काळा होता."

"पडदा झोपतो. आत चालू असतं."

"काम करणारा असा अंधारात बसतो का?" सासरे म्हणाले.

तिने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. सासऱ्यांना मात्र मनातून लागलं होतं. ते वर्तमानपत्र घेऊन कॉम्प्युटरसमोर पहाऱ्याला बसले आणि मीटर वाचल्यासारखे आकडे पुकारू लागले. अठ्ठावीस. एकतीस. प्रत्येक आकड्याला सासूबाई स्वयंपाकघरातून विचारत, पोर आता कुठवर आलं. जणू ते चालत चालत इकडेच निघालं होतं.

अडीचला रूपांतर संपलं, तीनला डिस्क तयार झाली. ती पाकीट शोधायला उठली तेवढ्यात सासूबाईंनी डिस्कवर बॉलपेनने दाबून बहिणीचं नाव आणि पूर्ण पत्ता घातला. चकचकीत बाजूवर. ती जास्त कोरी वाटली म्हणे. पिनकोडपाशी पणतू कायमचा अडकला.

सुनेने दुसरी डिस्क घातली.

पावणेचारला ती घरच्या टीव्हीवर लावून बघितली. पोर चाललं, पडलं, उठलं, पुन्हा चाललं. सासूबाईंनी डोळे पुसले. चित्र कुठे ताणलं तर नाही ना, म्हणून सुनेने फूटपट्टी आणून पोराच्या हातातला चेंडू पडद्यावर उभा-आडवा मोजला. दोन्हीकडून सारखा भरला.

"आता वजनही करतेस का?" नवरा म्हणाला.

चष्मेवाल्यांनी गाडी सुरू केली होती. तिने खिडकीतून पाकीट आत दिलं आणि घरी येऊन आडवी झाली.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. तीनदा बघून झालं होतं. सुनेला तोंडभर आशीर्वाद देऊन त्यांनी आवाज खाली आणला.

"पोर चालतं गोड. पण पार चिपाड झालंय गं. तोंड बघ, नुसतं लांबोडकं."

"डोळ्यामुळे वाटत असेल, मावशी."

"शेजारच्या दोघी बसल्यात इथे. त्यांचे डोळे धडधाकट आहेत. आई-बाप दोघं नोकरीला, खाऊ कोण घालणार?"

आता सुनेच्या ध्यानात आलं. घरचा टीव्ही रुंद, मावशींचा जुना, चौकोनी. रुंद चित्र त्यात दोन्ही बाजूंनी चेपून बसलं होतं. प्लेअरमधलं एक सेटिंग बदललं की झालं. ती तसं सांगणार, तोवर मावशींनी फोन ठेवला होता. त्यांना नातवाला फोन करायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाचा फोन आला.

"काकू, पाठवलंस तरी काय? आजी काल रडली गं. ऑपरेशन नको म्हणते, आधी पोराला माझ्याकडे आण म्हणते. दोन वर्षं आम्ही पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत करतोय. शेवटी काढली तिकिटं, तेव्हा ऑपरेशनला तयार झाली. पुढच्या महिन्यात येतोय, चांगले चार आठवडे."

"बरं झालं," सून म्हणाली.

"पण त्याचं वजन एकदम बरोबर आहे. डॉक्टरच म्हणाले. आजीला एवढा बारीक कसा दिसला?"

शेजारी कान लावून उभ्या असलेल्या सासूबाई एव्हाना कपाटातून लहान उशा काढू लागल्या होत्या. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या एकाही अहवालावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"ऑपरेशन झाल्यावर समोर बघतील ना," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा चांगला भरलेला दिसेल बघ."

फोन ठेवून तिने ते वाक्य मनात पुन्हा एकदा तपासलं. त्यात कुठेही चूक नव्हती.