मेहेंदळे हरले तो रविवार

खेळ सुरू होण्यापूर्वी मेहेंदळे चहा मागवत. स्वतःसाठी नाही, प्रतिस्पर्ध्यासाठी. "आपण बसून घ्या," ते म्हणत, "आता तुम्हाला दुसरं काही काम नाही." आणि खरोखरच नसे. बिलियर्ड्समध्ये गुण मिळत आहेत तोवर खेळणारा टेबल सोडत नाही. मेहेंदळे एकदा वाकले की समोरच्याच्या रिकाम्या कपाला मुंग्या लागत.

डेक्कनवरच्या आमच्या क्लबात ते किती वर्षं चँपियन होते, हे कुणालाच नीट आठवत नव्हतं. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. घरी एकटेच. शर्टाच्या खिशाला काठीच्या टोकाला लावायच्या निळ्या खडूचा कायमचा डाग. तो खडू कुणी मागितला, तर "दुकानं लक्ष्मी रोडला आहेत" एवढंच सांगत. दुसऱ्याचा फटका चांगला बसला की दाद देत, "चुकून का होईना, बसला."

पुढे हिंजवडीत कंपन्या आल्या आणि क्लबात नवे सभासद. त्यांतले एक वानखडे. मूळचे अमरावतीचे, राहायला वारज्याला. त्यांचा खेळ बेताचाच. पण रविवारी त्यांच्याबरोबर त्यांची चौथीतली मुलगी मृण्मयी येई. सकाळी टेबलं रिकामी असताना वडील तिला खेळू देत. मग मेहेंदळे आले की ती बाकावर बसून त्यांचा खेळ बघत राही.

एका रविवारी ती उठून त्यांच्यापाशी गेली. "काका, माझ्यासोबत खेळता का?"

मेहेंदळ्यांनी तिच्याकडे न बघता वानखड्यांकडे पाहिलं. "वारज्यात पाळणाघरं नाहीत का?"

वानखडे ओशाळले. मुलगी जागची हलली नाही. तेव्हा मेहेंदळ्यांनी अट घातली, की हरलीस तर या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. ती हो म्हणाली. जिंकली तर काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मेहेंदळ्यांनी तिच्यासाठी कपभर दूध मागवलं आणि खेळायला सुरुवात केली. बराच वेळ खेळले. मग एक साधा फटका हुकला.

तिचे हात टेबलाच्या मध्यापर्यंत पोचेनात. कुणीतरी स्टूल आणायला निघालं. "एक पाय जमिनीवर हवा," मेहेंदळे म्हणाले. "नियम आहे." मुलीने मान डोलावली. नियम तिलाही माहीत होता.

आपला चेंडू उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागला की गुण मिळतात. तिने हळूहळू तिन्ही चेंडू आपल्या बाजूच्या कडेला गोळा केले आणि टिचकी मारावी तसे एवढे एवढे फटके मारू लागली. चेंडू बोटभर सरकत, पुन्हा एकमेकांजवळ येत. लांब हात करायची तिला गरजच पडेना. खोलीत नुसती टक टक ऐकू येत होती. दुधावर साय धरली. मेहेंदळे पहिल्यांदा उभे होते, मग भिंतीला टेकले, आणि शेवटी खुर्चीत बसले. खेळ चालू असताना त्यांना बसलेलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

ती जिंकली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते आम्हाला कळेना.

मेहेंदळ्यांनी काठी पुसून पेटीत ठेवली. मृण्मयी त्यांच्यामागे दारापर्यंत गेली. "काका, पुढच्या रविवारी याल ना? नऊ वाजता?"

ते पेटी उचलून निघून गेले. आठवडाभर क्लबात फिरकले नाहीत. आता ते येत नाहीत, असं बहुतेकांचं मत पडलं आणि त्याचं कुणाला फार वाईट वाटलं नाही. तसंही स्पर्धा सोडली तर त्यांच्याशी कोण खेळत होतं? एकदा चहा प्यायलेला माणूस पुन्हा त्यांच्या टेबलाकडे जात नसे. एरवी ते एकटेच, दोन्ही बाजूंनी खेळत.

रविवारी सकाळी मी फिरायला म्हणून क्लबवरून चाललो होतो. फाटक बंद होतं. बाहेर मेहेंदळे काठीची पेटी घेऊन उभे होते. दाढी गुळगुळीत, अंगात कडक इस्त्रीचा नवा शर्ट.

मी म्हटलं, "अहो, क्लब उघडायला अजून वेळ आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. मग फाटकाकडे बघत म्हणाले, "मला आपणहून कुणीतरी खेळायला बोलावलंय. उशीर झालेला बरा दिसायचा नाही."