लीकेज नव्हे, सीपेज!

"इंग्रजीत कुठल्याही दोन शब्दांचा अर्थ एक नसतो!" हे वाक्य मास्तर अशा थाटात म्हणायचे, की जणू ती भाषा यांच्याच मांडीवर लहानाची मोठी झाली! शाळेतून निवृत्त झाल्यावर खडू सुटला, पण खोड काही सुटली नाही. 'सॅड' आणि 'अनहॅपी' यांतला फरक समजून घेता घेता बायकोची भाजी करपायची, मग ती 'बर्न्ट' की 'ओव्हरकुक्ड' यावर जेवण उरकायचं.

त्या दिवशी मात्र घाई होती. संध्याकाळी लेक तान्ह्या बाळाला घेऊन सासरहून राहायला येणार होती. मागच्या खोलीला ताजा रंग दिला होता, पाळणा टांगला होता. आणि सकाळी बघतात तर पाळण्यामागच्या भिंतीवर भला मोठा ओला डाग!

"अहो, भिंतीतला नळ गळतोय. ऑफिसात फोन करून लीकेज सांगा," बायको म्हणाली.

इमारतीच्या ऑफिसची पद्धत साधी होती. 'लीकेज' म्हटलं की प्लंबर यायचा, 'सीपेज' म्हटलं की गवंडी आणि 'ओव्हरफ्लो' म्हटलं की टाकीवाला. बाकी काही ऐकून घ्यायची फोनवरच्या बाईंना सवड नसे.

"लीकेज? छे! लीकेज म्हणजे पाणी वाट काढून बाहेर पडतं. हे नुसतं झिरपतंय. याला सीपेज म्हणतात!"

"काही का म्हणेनात, प्लंबर येऊ दे म्हणजे झालं."

"असं कसं? शब्द चुकला की सगळंच चुकतं!"

मास्तरांनी सीपेज सांगितलं. दुपार टळल्यावर गवंडी आला आणि आल्या आल्या छिन्नी लावून भिंत फोडायला लागला.

"अहो दादा, आत पाइप असेल हो!" बायको कळवळली.

"सीपेजला पाइप नसतो, ताई," गवंडी म्हणाला आणि त्यानं पुढचा घाव घातला. तो थेट पाइपवर! पाण्याची अशी चिळकांडी उडाली, की गवंडी, मास्तर आणि पाळणा तिघांचीही एकदमच अंघोळ झाली!

"आता तरी लीकेज सांगा!" बायको बादली घेऊन धावली.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि खोलीभर पसरलेल्या पाण्याकडे परीक्षकाच्या नजरेनं पाहिलं. "पाणी उंबऱ्यावरून वाहतंय. म्हणजे आता हा ओव्हरफ्लो झाला."

फोन गेला. टाकीवाल्यानं गच्चीवर जाऊन मुख्य कॉकच बंद केला. चिळकांडी थांबली. मास्तरांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं, तोच जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. साऱ्या इमारतीचं पाणी गेलं होतं! वरच्या मजल्यावरचे वकील तर डोक्याला शाम्पूचा फेस तसाच ठेवून जिन्यात उभे!

शेवटी बायकोनं मास्तरांच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "बाई, प्लंबर पाठवा हो!"

"प्लंबर? आज लीकेजची एकही तक्रार नव्हती. दुपारीच घरी पाठवलं त्याला. आता उद्याच."

इतक्यात बेल वाजली. दारात लेक, कडेवर बाळ. तिनं भिंतीतलं भगदाड पाहिलं, ओलाचिंब पाळणा पाहिला, जिन्यातले वकील तर ती येतानाच पाहून आली होती. आईनं दोन वाक्यांत सगळी हकिकत सांगितली.

"बाबा, घरात थेंबभर पाणी नाही आणि बाळाचे लंगोट दर तासाला धुवायचे. मी परत जाते."

"अगं, थांब ना गं!" मास्तरांनी बाळाकडे हात पुढे केले. नातवाला अजून त्यांनी नीट हातातसुद्धा घेतलं नव्हतं.

"गाडी खालीच उभी आहे. आई, तूही चल चार दिवस." बायकोनं चपला घातल्यासुद्धा! जिना उतरता उतरता लेक वळून म्हणाली, "आता माझ्या येण्याला पोस्टपोन म्हणायचं की कॅन्सल, ते तेवढं तुम्ही ठरवून ठेवा."

मास्तर ओल्या खुर्चीवर बसले आणि खरोखरच विचारात पडले!